ब्रूनोला फार्महाऊसवर पाठवू नका

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर टू बीएचके सदनिकेत राहतो. मुलाने हट्ट धरला म्हणून गेल्या वर्षी एका ब्रीडरकडून इंग्लिश बुलडॉगचे पिल्लू घेतले. ही जात शांत असते, दिवसभर झोपून असते, असे आम्हाला सांगण्यात आले होते. ब्रूनो आता १४ महिन्यांचा आणि २४ किलोचा झाला आहे. दार उघडले की तो अंगावर झेप घेतो, चपला आणि सोफ्याचे कोपरे चावतो, घरभर सुसाट पळतो. जानेवारीत त्याच्या धक्क्याने सासूबाई पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली. आता त्या वॉकर घेऊन चालतात. मी ऐरोलीला आणि यजमान बीकेसीला नोकरी करतो. दिवसा घरी सासूबाई आणि त्यांच्यासाठी ठेवलेल्या मावशी असतात, त्यामुळे ब्रूनोला बाल्कनीत ठेवावे लागते. तो भुंकतो म्हणून सोसायटीची नोटीस आली आहे. यजमानांच्या ओळखीचे एक गृहस्थ त्याला कर्जतच्या फार्महाऊसवर न्यायला तयार आहेत, तिथे मोकळेपणी पळेल असे सगळे म्हणतात. ब्रीडर म्हणतो, परत द्या, क्रॉसिंगसाठी ठेवतो. एका रेस्क्यू गटाशी मी बोलले, पण ते फारच प्रश्न विचारतात आणि नसबंदीशिवाय पुढे देणार नाही म्हणतात. नववीतला मुलगा आमच्याशी बोलेनासा झाला आहे. आम्ही ब्रूनोला टाकून देतो आहोत का? त्याला कोणाकडे द्यावे?

— एक वाचक, ठाणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या दोन प्रश्नांआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती उद्यावर टाकण्यासारखी नाही. ब्रूनोला दिवसा बाल्कनीत ठेवणे आजपासून बंद करा. मार्च-एप्रिलमध्ये घोडबंदर पट्ट्यातल्या उंच इमारतींच्या पश्चिमेकडच्या बाल्कन्या दुपारी किती तापतात हे तुम्ही जाणताच, आणि बुलडॉगला ती उष्णता इतर कुत्र्यांपेक्षा फार लवकर बाधते. त्याला तुमच्या शयनगृहात पंख्याखाली किंवा एसीत ठेवा, भरपूर पाणी ठेवा आणि दार लावून घ्या. सासूबाई हॉलमध्ये निर्धास्त बसतील आणि भुंकणेही बरेचसे कमी होईल, कारण खाली येणारी-जाणारी माणसे आणि गाड्या दिसणे हेच बाल्कनीतल्या भुंकण्याचे मोठे कारण असते.

आता तुमच्या मनावरच्या ओझ्याविषयी. तुम्ही ब्रूनोला टाकून देत नाही आहात. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या, वॉकरवर चालणाऱ्या वृद्ध व्यक्तीच्या घरात २४ किलोचा दांडगा कुत्रा असणे ही खरी अडचण आहे, आणि दुसऱ्यांदा पडणे त्यांच्या जिवावर बेतू शकते. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ मध्ये, उपासमार किंवा तहान यांमुळे प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा मानला आहे. जबाबदार माणसांच्या हाती, कागदपत्रांसह, त्याचे पुढचे घर निश्चित होईपर्यंत सोबत राहून त्याला देणे ही त्याहून सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. त्याला द्यावे की नाही याबद्दल मी तुम्हाला आणखी विचार करायला सांगणार नाही. कोणाकडे आणि कसे द्यावे, याबद्दल मात्र मी आग्रही राहणार आहे.

कर्जतच्या गृहस्थांचा हेतू चांगलाच असेल, पण त्यांना नकार कळवा. दांडग्या कुत्र्याला मोकळी जागा मिळाली की तो सुखी होतो ही समजूत अनेक जातींच्या बाबतीत थोडीफार खरी ठरते. बुलडॉगच्या बाबतीत ती घातक आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून, म्हणजे जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा हवेत सोडून शरीर थंड करतो. पैदाशीतून पिढ्यान्‌पिढ्या बुलडॉगचे थोबाड आखूड करत नेताना त्याच्या नाकपुड्या अरुंद झाल्या, आतला मऊ टाळू कवटीच्या मानाने लांब राहिला आणि श्वासनलिकाही बहुधा बारीकच राहिली, त्यामुळे ज्या वाटेने त्याने थंड व्हायचे तीच वाट निम्मी बंद असते. कोकणातल्या आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर धापांतून ओलावा उडून जाणेच मंदावते, म्हणून पारा फार वर नसतानाही, अगदी जूनच्या पहिल्या सरींनंतरच्या उकाड्यातही, बुलडॉग कोसळू शकतो. त्यात ब्रूनो तरुण आहे. चेंडूमागे धावताना कधी थांबायचे हे त्याचे त्याला कळत नाही. कर्जतला मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो. तिथे तो राखणदारासारखा आवारात सोडलेला किंवा झाडाला बांधलेला असेल आणि घरात माणसे फक्त शनिवार-रविवारी असतील, तर मंगळवारी दुपारी त्याची जीभ जांभळी पडल्याचे कोण पाहणार? विहीर, शेततळे किंवा पोहण्याचा तलाव असेल तर तो वेगळाच धोका आहे, कारण जड डोके आणि आखूड पाय यांमुळे बहुतेक बुलडॉगना पोहता येत नाही.

त्याचे पळणे हे मैलोन्‌मैल धावू पाहणाऱ्या कुत्र्याचे पळणे नव्हे. तरुण बुलडॉगचा उत्साह झटक्यात उसळतो, दहा-पंधरा मिनिटे घर डोक्यावर घेतो आणि मग घोरत पडतो. त्याला हवी असतात ती माणसे, थंड फरशी, सकाळ-संध्याकाळचे छोटे फेरफटके आणि डोक्याला काही काम. ही जात एकेकाळी इंग्लंडमध्ये बैलांशी झुंजवण्यासाठी पोसली जात होती. १८३५ मध्ये तिथे कायद्याने त्या झुंजी बंद केल्या आणि पुढे तिला घरात माणसांबरोबर राहण्यासाठी घडवले गेले. आवारात एकटा राहणारा बुलडॉग शरीराने जितका हैराण होतो तितकाच मनानेही खचतो.

ब्रीडरविषयी थोडक्यात सांगते. २०१७ च्या श्वान-पैदास आणि विक्रीविषयक केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तुमच्या ब्रीडरने नोंदणीचे प्रमाणपत्र तुम्हाला कधी दाखवले होते का, हे आठवून पाहा. शांत कुत्रा म्हणून पिल्लू विकणारा माणूस आता त्याच कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून वर्षानुवर्षे पैदाशीसाठी वापरणार असेल, तर त्यात ब्रूनोच्या भल्याचे काहीही नाही. या जातीत पिल्लांचे डोके मोठे आणि मादीचा कटिभाग अरुंद असल्यामुळे बहुतेक माद्यांची प्रसूती सिझेरियनने करावी लागते, म्हणजे प्रत्येक क्रॉसिंगमागे कुठल्यातरी मादीच्या पोटावर एक शस्त्रक्रिया असते. ब्रूनोच्या श्वासाची घरघर आपल्याला ऐकू येण्याइतका त्रास त्याला असेल, तर तो पुढच्या पिढीत उतरू न देणेच योग्य.

यावरूनच रेस्क्यू गटाच्या नसबंदीच्या अटीचे उत्तर मिळते. जातिवंत, तरुण, नसबंदी न झालेला नर फुकट मिळतो आहे असे कळले की पहिले फोन येतात ते घर देऊ पाहणाऱ्यांचे नसतात. ‘पेपर्स आहेत का’ आणि ‘क्रॉसिंगला चालेल का’ हे दोन प्रश्न ज्याच्या तोंडी आधी येतात, त्याला कुत्रा नको असतो. म्हणूनच सोसायटीच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘बुलडॉग मोफत देणे आहे’ असा संदेशही टाकू नका. नसबंदीने अंगावर झेप घेणे थांबेल असे मात्र समजू नका. ती सवय शिकवूनच जाते. आणखी एक काळजी घ्यायला हवी. बुलडॉगला भूल देणे हे इतर कुत्र्यांपेक्षा जोखमीचे काम आहे, कारण भुलीतून बाहेर येताना लांब टाळूमुळे त्याचा श्वास अडकू शकतो. शस्त्रक्रिया कोणत्याही शिबिरात न करता, आखूड नाकाच्या जातींचा अनुभव असलेल्या आणि कुत्रा पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत श्वासनलिकेतली नळी व ऑक्सिजन तयार ठेवणाऱ्या पशुवैद्यांकडेच करा. त्याच्या नाकपुड्या फार अरुंद असतील तर त्याच भुलीत त्या रुंद करता येतील का, हेही त्यांना विचारा; अनेक पशुवैद्य ही दोन्ही कामे एकत्र करतात आणि त्याचा ब्रूनोला जन्मभर फायदा होईल. हा खर्च तुम्ही उचलावा असे माझे स्पष्ट मत आहे. रेस्क्यू गट बहुधा देणग्यांवर चालतात, आणि त्यांच्याकडे रस्त्यावर जखमी झालेली जनावरे रोज येत असतात.

ते फार प्रश्न विचारतात ही तुमची तक्रार मला खरे तर आश्वासक वाटली. जो गट एकही प्रश्न न विचारता ‘उद्या आणून सोडा’ म्हणतो, त्याच्यापासून सावध राहा. तुम्हीही त्यांना तितकेच प्रश्न विचारा. संस्था नोंदणीकृत न्यास आहे का, त्यांचे पशुवैद्य कोण, कुत्रा पिंजऱ्यात राहणार की एखाद्या फॉस्टर कुटुंबाच्या, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत त्याला तात्पुरते सांभाळणाऱ्यांच्या घरी, नवे घर प्रत्यक्ष जाऊन पाहतात का, दत्तकपत्रात कुत्रा तिसऱ्याला न देण्याची आणि न जमल्यास गटाकडेच परत करण्याची अट असते का. यांतला फॉस्टरचा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानते. निवारा कितीही चांगला असला तरी पत्र्याखालच्या कोंदट खोलीत, शेजारी पंचवीस कुत्री भुंकत असताना, बुलडॉगने उन्हाळा काढणे धोक्याचे आहे. नेरुळ, खारघर किंवा मुलुंडच्या एखाद्या घरात फॉस्टर मिळायला काही आठवडे लागतील, मोठ्या कुत्र्यांना तर वेळ लागतोच. तोवर ब्रूनो तुमच्याच घरी राहील आणि गट फक्त घर शोधेल, अशी तयारी दाखवा. असे म्हणणारी कुटुंबे थोडी असतात, आणि त्यांच्या कुत्र्यासाठी कार्यकर्ते मनापासून धावपळ करतात. दिल्ली किंवा बंगळूरहून कोणी विचारणा केली तर विमानाने पाठवण्यास ठाम नकार द्या. आखूड नाकाच्या जातींना अनेक विमान कंपन्या नेतच नाहीत, आणि त्याला कारण आहे.

ब्रूनोसाठी तुमच्या हातून होण्यासारखे सर्वांत मोठे काम म्हणजे त्याच्याविषयीचे खरे, लिहिलेले टिपण. ‘खूप प्रेमळ आहे, थोडा मस्तीखोर आहे’ या वाक्यातून नव्या माणसाला काहीच कळत नाही, आणि महिनाभराने त्याच्याही घरी कोणीतरी पडते. जसे घडते तसे लिहा, उदाहरणार्थ असे. बेल वाजली की तो दाराकडे धावतो आणि आलेल्या माणसाच्या मांड्यांवर दोन्ही पुढचे पाय आपटतो. जानेवारीत वृद्ध आजी दाराजवळ उभ्या असताना त्याच्या धक्क्याने पडल्या आणि त्यांचे हाड मोडले. तो चावला नव्हता, गुरगुरला नव्हता. हे लपवावेसे वाटेल, पण याच वाक्यामुळे गट त्याला वृद्ध माणसे किंवा नुकती चालू लागलेली बाळे असलेल्या घरात देणार नाही, आणि याच वाक्यामुळे एखादे धडधाकट जोडपे विचारपूर्वक हो म्हणेल. खाताना ताटलीजवळ कोणी गेले तर तो अंग ताठ करतो का, तोंडातली चपल काढून घेताना दात लागले आहेत का, इमारतीतल्या लहान मुलांशी, लिफ्टमधल्या दुसऱ्या कुत्र्याशी, खालच्या मांजरांशी कसा वागतो, एकटा राहिला की किती वेळ भुंकतो, हे सगळे त्यात यावे. कधी दात लागले असतील तर केव्हा आणि कसे, तेही लिहा. गटाची माणसे त्यावरून त्याला नाकारतीलच असे नाही. ती त्याला योग्य हातात देतील. प्रकृतीबद्दलही तसेच. झोपेत घोरतो की जागेपणीही घरघर ऐकू येते, फेरफटक्यानंतर धाप बसायला किती वेळ लागतो, चेहऱ्याच्या आणि शेपटीखालच्या घड्या पावसाळ्यात चिघळल्या होत्या का, कोणत्या खाण्याने खाज सुटते. रेबीजची लस कधी दिली आणि आपल्याकडे पावसाळ्यात ज्याची भीती असते त्या लेप्टोची लस दिली का, हे कार्डावर पाहून लिहा. तारीख उलटली असेल तर आधी लस द्या.

फॉस्टर मिळेपर्यंतचे दिवस घरात सुरक्षित जायला हवेत. हॉल आणि पॅसेज यांच्यामध्ये लहान मुलांसाठी लावतात तसे आडवे फाटक बसवा, म्हणजे सासूबाईंच्या वाटेत तो येणारच नाही. तुम्ही घरी असताना तो खोलीबाहेर असेल तेव्हा त्याला छातीभोवती बसणारा हार्नेस आणि पट्टा लावलेलाच ठेवा. गळपट्ट्याला धरून ओढू नका, त्याची श्वासाची वाट आधीच अरुंद आहे. फेरफटका सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतर, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटे, त्याला जिथे हुंगायचे असेल तिथे हुंगू देत. हुंगण्यात त्याचे डोके गुंतते आणि न धावताही तो शांत होतो. आपल्याकडे काही जण कुत्र्यांना पहाटे येऊरला नेतात, तुम्ही नेऊ नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे. दिवसाचे अर्धे खाणे ताटलीत देण्याऐवजी जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत दडवून द्या, तो अर्धा तास त्याच्याशी झटत राहील. दार उघडणाऱ्या प्रत्येकाने, मावशींनीसुद्धा, तो चारही पाय जमिनीवर टेकवेपर्यंत त्याच्याकडे पाहायचे नाही, बोलायचे नाही, आणि पाय टेकले की लगेच खाऊचा तुकडा खाली जमिनीवर टाकायचा. हे सगळ्यांनी एकसारखे केले तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो. तो इतका पडेल की निर्णय बदलावा, अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. पण नव्या घरात तो थोडी शिकलेली सवय घेऊन जाईल.

सोसायटीच्या नोटिशीमुळे घाई करू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. बाल्कनी बंद केली आहे, दुसरे घर शोधत आहोत, एवढे सचिवांना लेखी कळवा. कोणी ‘बुलडॉगवर सरकारी बंदी आहे’ म्हणाले तर त्यांना शांतपणे सांगा की मार्च २०२४ च्या केंद्राच्या परिपत्रकातल्या २३ जातींत अमेरिकन बुलडॉग होता, तुमच्या घरी आहे तो इंग्लिश बुलडॉग नव्हता, आणि ते परिपत्रकही कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केले.

ज्या दिवशी त्याला न्याल त्या दिवशी एसी गाडी आणि सकाळची वेळ निवडा, त्याआधी त्याला पोटभर खाऊ घालू नका. लसीकरणाचे कार्ड, नसबंदीचे प्रमाणपत्र, महापालिकेचा परवाना आणि केनेल क्लबची कागदपत्रे असतील तर ती, मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक, आणि ताबा दिल्याचे दोन्ही बाजूंच्या सह्यांचे पत्र यांची एक प्रत तुमच्याकडे ठेवा. रोजचे खाणे आठवडाभर पुरेल इतके द्या, आणि त्याची चादर न धुता द्या. परक्या घरात पहिल्या रात्री त्याला ओळखीचा वास लागतो.

मुलाबद्दल शेवटी लिहिते आहे, पण तो या सगळ्यात शेवटी कळायचा माणूस नव्हे. त्याला ‘ब्रूनो फार्मवर मजेत राहील’ अशा गोष्टी सांगू नका. आजी, नोकऱ्या आणि दमट उन्हाळा यांचा हिशेब त्याच्यासमोर मांडा, आणि ब्रूनोचे टिपण त्यालाच लिहायला द्या. कानामागे कुठे खाजवले की तो पाय आपटतो, कोणत्या आवाजाला घाबरतो, हे घरात त्याच्याइतके कोणालाही माहीत नसेल. फॉस्टर कुटुंबाला भेटायला जाल तेव्हा त्याला बरोबर न्या आणि त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या. तो रागावेल, रडेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही. त्याला तेवढा वेळ द्या आणि लगेच दुसरे पिल्लू आणण्याचे आमिष दाखवू नका. ब्रूनो नव्या घरी रुजेपर्यंत पहिला महिना-दीड महिना भेटायला न जाता गटामार्फत फोटो आणि खुशाली मागवा. त्यानंतर नव्या कुटुंबाची हरकत नसेल, तर एखाद्या रविवारी सकाळी मुलाला त्याच्याकडे घेऊन जा.